माप कोणाच्या हातात?

फास्ट फूड म्हणजे खाणाऱ्याच्या नजरेआड, ठरावीक मापाने, मोठ्या प्रमाणावर तयार होणारे आणि मागताच हातात पडणारे अन्न. बर्गर आणि पिझ्झा त्यात येतात, तसेच वडापाव, समोसा आणि पाकिटातल्या नूडल्सही येतात. घरच्या जेवणात तेल किती, मीठ किती, ताटात वाढायचे किती, हे सगळे खाणाऱ्याच्या घरात ठरते. चव, माया, संस्कार या गोष्टी घरच्या जेवणाशी जोडल्या जातात. पण प्रकृतीच्या दृष्टीने पाहिले तर खरा फरक या मापाचा आहे.

मुंबईत बाहेरच्या जेवणाचा इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. यांतल्या कितीतरी खानावळी चाळीतल्या बायका आपल्याच खोलीत चालवत, त्यामुळे ते जेवणही एका अर्थी घरचेच असे. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी कचेऱ्यांमध्ये घरचे डबे पोचवण्याची व्यवस्था उभी केली. करोनापूर्वी सुमारे 5 हजार डबेवाले रोज जवळपास 2 लाख डबे पोचवत. वडापावचा जन्म 1966 चा मानला जातो आणि त्याचे श्रेय दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. 1983 मध्ये मॅगी आली, 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स आले. वडापाव ही गाडी गाठायची घाई असलेल्या माणसाची सोय होती. पुढच्या दोन पाहुण्यांनी मात्र ज्यांच्या घरात चूल रोज पेटत होती, त्यांनाही गिऱ्हाईक केले.

दोष झटपटपणाला देऊन मात्र भागत नाही. मराठी स्वयंपाकघरात झटपट पदार्थांची परंपरा मोठी आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, सांडगे, कुरडया ही सगळी सवडीच्या दिवसांत करून ठेवायची आणि घाईच्या दिवसांत वापरायची तरतूद. भाजणीसाठी तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे-जिरे वेगवेगळे भाजून एकत्र दळून आणले की त्यानंतर कित्येक दिवस थालीपीठ लावायला पंधरा मिनिटे पुरतात. पाकीट फोडून नूडल्स उकळायलाही त्याहून फार कमी वेळ लागत नाही. फरक एवढाच, की भाजणीत काय आहे ते दळून आणणाऱ्याला ठाऊक असते.

कारखान्यातल्या अन्नाने माणूस जास्त खातो का, याची एक काटेकोर तपासणी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत झाली. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे त्यांना कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न दिले आणि दोन आठवडे साध्या जिनसांपासून रांधलेले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि चोथा यांचे प्रमाण सारखे राखले होते. खायचे किती, ते ज्याच्या त्याच्यावर सोपवले होते. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसे रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. साध्या अन्नावर ते जवळपास तेवढेच उतरले. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरे. पण मऊ, कमी चावावे लागणारे अन्न भराभर पोटात जाते आणि पोट भरल्याचे जाणवण्याआधीच ताट संपते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण ज्वारीची भाकरी चावून खाणाऱ्याला सहज पटेल.

तळणीची गोष्ट वेगळी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळवंडते, दाट होते आणि त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. ती 25 टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जुलै 2018 पासून लागू केला आहे. पण गाडीपुढे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला कढईतले तेल कालचे की परवाचे, हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून घरची कढई निर्दोष ठरते असेही नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 42 मिलिलिटर, म्हणजे आठ चहाचे चमचे तेल पोटात जाते. त्याचे उष्मांकच साडेतीनशेच्या आसपास होतात. पुऱ्या तळून उरलेले तेल आठवडाभर भाज्यांच्या फोडणीला वापरण्याची काटकसरही घरोघरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, इतकी आहे. लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि वर ताटात चिमूटभर मीठ असा बेत असेल तर ती घरबसल्या ओलांडली जाते. माप आपल्या हातात असण्याचा उपयोग ते मोजले तरच.

रोजच्या मराठी जेवणाची मांडणी मात्र खरोखर शहाणपणाची आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भात किंवा पिठले-भाकरी एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मटकीला मोड आणल्यावर तिच्यातले फायटेट कमी होते आणि लोह शरीराला अधिक मिळते. पोह्यांवर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्वही लोह शोषायला मदत करते. कोशिंबिरीतून चोथा मिळतो. मैद्याचा पाव आणि बटाट्याची भाजी या जोडीत पोट भरते, पण डाळ नसते आणि चोथाही फारसा नसतो. वड्याला बेसनाचे पातळ आवरण असते, तेवढाच काय तो दिलासा.

खरी अडचण वेळेची आहे, आणि हा वेळ कोणाचा, याची चर्चा क्वचितच होते. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वयंपाक, झाडलोट अशी बिनपगारी घरकामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, तर ती करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. शिवाय अशी कामे करणारे पुरुषच मुळात थोडे होते. ‘घरचेच खा’ हा सल्ला अशा घरात एकाच व्यक्तीच्या डोक्यावर ओझे टाकतो. संध्याकाळी सातला लोकलमधून उतरलेल्या बाईने वाटेत वडापाव बांधून घेतला, तर त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. रांधण्याच्या श्रमाला किंमत असते, हे गिरणगावाने फार पूर्वी ओळखले होते. खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून त्यांना बँकेची कर्जे मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले.

काम वाटले गेले की ते पेलवते. रात्री कडधान्य भिजत घालणे, सुट्टीच्या दिवशी वाटण करून ठेवणे, भाजी निवडणे, कणीक तिंबणे यांपैकी कशालाही खास हातगुण लागत नाही. मुगाची खिचडी कुकरच्या तीन शिट्ट्यांत होते आणि पिठल्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे लागतात. मागवलेले पार्सल सहसा तेवढ्यात दारात येत नाही. बारावीनंतर शिक्षणासाठी बाहेरगावी निघालेल्या मुलाच्या सामानात आई लाडू-चिवड्याचे डबे हमखास भरते. त्यांच्या शेजारी तीन लिटरचा कुकरही ठेवावा, आणि तो कसा लावायचा ते त्याला दहावीतच शिकवून ठेवावे.