घळीतले संग्रहालय

घरोघरी पितळेची भांडी असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे आपण शाळेत शिकलो. छपरावरचा पन्हळी पत्रा इतके पावसाळे काढतो, तोही जस्ताच्या मुलाम्याच्या बळावर. परंतु हे जस्त कोठल्या डोंगराच्या पोटातून आले आणि ते कोणी फोडून काढले, याचा पत्ता भांडे सांगत नाही व पत्राही सांगत नाही. आज ज्या संग्रहालयाची रचना आम्ही समजावून सांगणार आहोत, ते जस्ताच्या एका बंद पडलेल्या खाणीचे आहे.

नॉर्वे देशाच्या नैर्ऋत्य भागात सौदा नावाचे गाव आहे. (नाव ऐकून आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाचे कान टवकारतात, पण त्या नावाचा देवघेवीशी काही संबंध नाही.) गावाजवळ आल्मानायुवेत नावाची अरुंद, खोल घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी खळाळणारी नदी, आणि कड्याला चिकटून गेलेली एक वाट. ह्या घळीत १८८१ ते १८९९ अशी अठरा वर्षे जस्ताची खाण चालली. ऐन भरात तेथे १६८ माणसे काम करीत. अठरा वर्षांत मिळून सुमारे १२,००० टन खनिज निघाले, म्हणजे वर्षाला सरासरी सातशे टनांच्या आतबाहेर. मग धंदा परवडेनासा झाला आणि खाण बंद पडली. डोंगरातले बोगदे राहिले, वाट राहिली. जमिनीवर जे उभारले होते त्यातले फारसे काही उरले नाही.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी नॉर्वेच्या सरकारी रस्ते खात्याने निसर्गरम्य रस्त्यांची एक योजना हाती घेतली. मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाने ठिकठिकाणी थांबावे, चार पावले चालावीत, तो मुलूख पाहावा, असा तिचा हेतू. त्यातल्या रीफिल्के ह्या रस्त्यावर ही घळ येते. पीटर झुमथोर नावाच्या स्विस वास्तुकारावर २००२ साली हे काम सोपविण्यात आले आणि २०१६ साली ते लोकांसाठी खुले झाले. चौदा वर्षे लागली. झुमथोर हे सुतारकाम करणाऱ्या बापाचे चिरंजीव, स्वतः सुताराच्या हाताखाली शिकलेले. वास्तुकलेतला प्रिट्झ्कर हा मोठा मान त्यांना २००९ साली मिळाला. परंतु आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या हाताला रंधा माहीत होता हे. पुढे इमारतीच्या वर्णनात त्याचा प्रत्यय येईल.

आता खेड्यात, रानात संग्रहालय बांधावयाचे तर ते कसे असावे? शहरात संग्रहालयाला घुमट शोभतो, खांब शोभतात, रुंद पायऱ्या शोभतात. तोच थाट माळावर नेऊन ठेवला तर माळ बिचारा अंग चोरून घेतो. म्हणून अलीकडचे वास्तुकार इमारत सृष्टीत मिसळून जावी असा प्रयत्न करतात. ह्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर तिर्पित्झ नावाचे संग्रहालय २०१७ साली उघडले. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांच्या एका काँक्रीटच्या बंकराशेजारी ते चक्क वाळूच्या टेकडीत पुरले आहे. वरून पाहिले तर टेकडीत पाडलेल्या चार चिरा तेवढ्या दिसतात. त्याच देशात, त्याच वर्षी, रीबे गावाजवळ वाडन समुद्राची माहिती देणारे केंद्र नव्याने उभे राहिले. त्याचे छप्पर आणि भिंतीही बोरूसारख्या गवताने शाकारल्या आहेत, कारण त्या सपाट मुलखातली जुनी शेतघरे तशीच शाकारलेली असत. एकाने जमिनीखाली जाणे पत्करले, दुसऱ्याने गावचा पोशाख अंगावर घेतला. दोन्ही कामे नामी आहेत.

तरीही आमच्या मनात एक शंका राहतेच. सृष्टीत मिसळणे आणि दिसेनासे होणे ह्यांत अंतर आहे. वाळूच्या टेकडीत एखादे लष्करी बंकर दडले तर कोणाचे बिघडत नाही. परंतु कामगाराचे संग्रहालय दडविले तर? कामगार हयातीतही कोणाच्या नजरेस पडत नाही आणि मेल्यावर त्याची नोंद हजेरीपटापलीकडे क्वचितच राहते. खंडाळ्याच्या घाटातून आगगाडी जाते तेव्हा प्रवासी धबधबे दाखवतात, दऱ्या दाखवतात. तो लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, त्याचे बोगदे हातांनी खणले गेले, आणि खणताना साथींनी व अपघातांनी माणसे गेली, हे खिडकीतून दिसत नाही. ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्यात मजुराचा घाम मुरलेला असतो. मुंबईच्या गिरणगावात गिरण्या पाडून काही ठिकाणी तेवढी चिमणी राखली आहे. खाली दुकाने चकाकतात. चिमणी परिसरात छान मिसळली आहे. गिरणीत तीन पाळ्या चालत हे मात्र तिच्याकडे पाहून उमगत नाही. तेव्हा मिसळावयाचे ते कशाशी, हा खरा प्रश्न.

झुमथोर यांनी ह्याचे जे उत्तर दिले ते आम्हांला पटते. आम्ही काही तेथे जाऊन आलेलो नाही, नकाशे आणि चित्रे यांवरूनच ह्या कामाचा अभ्यास केला. त्यांनी एक मोठी इमारत न बांधता घळीच्या वाटेवर तीन लहान इमारती विखरून ठेवल्या : मोटारतळाजवळ स्वच्छतागृहाची, पुढे उपाहारगृहाची, आणि आणखी पुढे संग्रहालयाची. तिन्ही लाकडाच्या पायांवर उभ्या आहेत. डोंगर तासून सपाट जागा करावयाची आणि त्यावर घर बसवावयाचे, ही आपली नेहमीची रीत. येथे कडा आहे तसाच ठेवला. पाय मात्र जेथे जेवढा खोल टेकेल तेवढा लांब केला. बाहेरून जाड तुळयांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यात टांगल्यासारखी एक पेटी. परातीवर उभ्या राहिलेल्या गवंड्याला हे चित्र चटकन कळेल. तुळई, आधार, सांधा, सारे उघडे आहे. कोणत्या लाकडावर कोणाचा भार हे पाहणाऱ्याला कळते.

सामान तर अगदी साधे. तुळयांना क्रिओसोट लावले आहे. हे कोळशाच्या डांबरापासून निघणारे तेल. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना तेच लावीत, त्याचा उग्र वास जुन्या रेल्वे कामगारांच्या नाकात अजून असेल. पेटीच्या भिंती प्लायवुडच्या, त्यांवर तागाचे गोणपाट चिकटवून वर पाणी न शिरणाऱ्या ॲक्रिलिकचा लेप दिला आहे. छप्पर पन्हळी पत्र्याचे, आणि तो पत्रा जस्ताचा! ज्यासाठी डोंगर पोखरला तोच धातू घराच्या माथ्यावर. लाकूड, गोणपाट, पत्रा : खाणीच्या तोंडाशी घाईने, थोड्या पैशांत उभारावयाच्या मांडवाला लागते ते हेच. जुन्या इमारतींची हुबेहूब नक्कल त्यांनी केलेली नाही. खाणीवर इमारती ज्या रीतीने उभ्या राहतात ती रीत तेवढी उचलली. त्यामुळे ही घरे घळीत परकी वाटत नाहीत आणि कड्याचा दगड असल्याचे सोंगही आणीत नाहीत. लांबूनच कळते की हे माणसाने, कामासाठी बांधले आहे.

मोटारतळाची गोष्ट तर फार पाहण्याजोगी. घळीत गाड्या उभ्या करावयास सपाट जागा नाही. म्हणून नदीच्या बाजूने नैसर्गिक दगडाची १८ मीटर उंच भिंत उचलून तिच्यामागे जागा केली आहे. १८ मीटर म्हणजे पाच-सहा मजले. आपल्या कोकणातला गडगा कंबरेएवढा असतो. त्यावरून अंदाज करावा. सबंध प्रकल्पात हातांचे सर्वांत जड काम येथे दिसते, आणि ते कोठल्या दिमाखदार दालनासाठी नसून गाड्या उभ्या करण्यासाठी आहे.

संग्रहालयाच्या पेटीत शिरले की भिंती काळ्या. वस्तू मोजक्याच : खाणीतली काही हत्यारे, अवशेष, आणि वाचावयास पुस्तके. येथे एखाद्या उत्साही क्युरेटराने मेणाचे खाणकामगार उभे केले असते, त्यांच्या हाती नवे घण दिले असते. ते केलेले नाही. गरीब माणसाच्या मागे वस्तू राहत नाहीत. हत्यार कंपनीचे, कपडे अंगावरच फाटलेले, दिव्यातले तेल जळून गेलेले. १६८ माणसांच्या मागे एवढेच उरले असेल तर एवढेच दाखवावे. दालन भरून काढण्याच्या हौसेपायी उणीव झाकू नये. ह्या मांडणीत आम्हांला मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

आक्षेप घ्यावयास जागा आहे, नाही असे नाही. हे संग्रहालय मुख्यतः मोटारवाल्या प्रवाशासाठी आहे. जेथे माणसांनी कष्ट उपसले तेथे तो कॉफी पिणार, छायाचित्र काढणार आणि पुढे जाणार. दुसरे, क्रिओसोट हे कर्करोगाला कारण होणारे द्रव्य आहे आणि युरोपात त्याच्या वापरावर कडक बंधने आहेत. कामगारांच्या स्मरणार्थ लाकूड टिकवावयाचे आणि ते लाकूड हाताळणाऱ्या आजच्या कामगाराच्या हातांचे, फुप्फुसांचे काय, हे कोणी विचारले तर ते विचारणे रास्तच आहे. वास्तुकलेच्या मासिकांत तो प्रश्न आमच्या वाचनात आला नाही. पहिल्या आक्षेपाला मात्र उत्तर ह्या रचनेतच आहे, आणि ते उत्तर म्हणजे वाट.

आपण मोटारतळावर उतरतो तेथे खाण नाही. उपाहारगृहाशीही नाही, संग्रहालयाशीही नाही. इमारतींमधले अंतर पायीच तोडावे लागते. ज्या कड्यालगतच्या वाटेने खनिज घळीबाहेर जात असे, तीच वाट तुडवीत आत जावयाचे. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला नदी. अशा रीतीने संग्रहालय चार भिंतींत संपत नाही, वाट हेच त्याचे सर्वांत लांब दालन ठरते, आणि त्या दालनाला झुमथोर यांनी छप्परही घातलेले नाही. पाऊस लागला तर भिजावे. उन्हाळ्याच्या दिवसांत वाटाड्याबरोबर प्रत्यक्ष खाणीत जाण्याची सोय आहे. खाणीच्या तोंडाशी डोक्यावर टोप चढवावयाचा, आणि मग आत ना लाकडी सांगाडा, ना गोणपाट, ना वास्तुकार. माणसांनी फोडलेला दगड आणि अंधार तेवढा आहे, आणि हातात दिवा.