डोळ्यात पूर, जखमेत दुष्काळ

स्ट्रेप्टोझोटोसिन हे मुळात मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं प्रतिजैविक. त्याने प्राण्यांना मधुमेह होतो हे १९६३ साली प्रसिद्ध झालं आणि प्रयोगशाळांच्या हाती एक सोपं हत्यार आलं. एक इंजेक्शन दिलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि दोन-तीन दिवसांत उंदराची साखर चढते.

वाढत्या वयाचा असा उंदीर अधाशासारखा खातो, पण वाढत नाही. वाढीच्या संप्रेरकाचा निरोप घेऊन यकृताने ‘आयजीएफ-१’ हा ग्रोथ फॅक्टर रक्तात सोडायचा असतो. इन्सुलिन नसलं की यकृताला हा निरोप नीट पोचत नाही आणि रक्तातलं आयजीएफ घसरतं. इन्सुलिन द्या, ते पुन्हा चढतं. एवढ्यावरून मधुमेहात ग्रोथ फॅक्टर कमी होतात असं म्हणावं, तर त्याच उंदराच्या मूत्रपिंडात पहिल्या काही दिवसांत आयजीएफ साठतं आणि मूत्रपिंड फुगतं!

खरी गंमत ‘व्हीईजीएफ’ची. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून पेशी हे प्रथिन सोडतात. मधुमेही उंदराच्या दृष्टिपटलात ते वाढतं आणि तिथल्या वाहिन्या पाझरू लागतात. ‘डीबी/डीबी’ जातीच्या, जनुकदोषामुळे लठ्ठ आणि मधुमेही होणाऱ्या उंदराच्या पाठीवर जखम केली, तर तिथे मात्र ते कमी पडतं. व्हीईजीएफला चालना देणारी प्राणवायूची चणचण जखमेतही असते. पण ही चणचण ओळखून व्हीईजीएफ बनवायला लावणारं ‘एचआयएफ-१’ हे प्रथिन चढ्या साखरेत लुळं पडतं. म्हणूनच डोळ्यात व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन देतात, तर पायाच्या जखमेवर बाहेरून ग्रोथ फॅक्टर लावतात. असं ‘पीडीजीएफ’चं जेल अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं.

तरी उंदरावर किती भिस्त ठेवावी? त्याची कातडी सैल, जखम बरीचशी आकसूनच मिटते. माणसात नवं पेशीजाल भरून यावं लागतं. मज्जातंतू जगवणाऱ्या ‘एनजीएफ’ने तर चांगलाच चकवा दिला. मधुमेही उंदरांत ते कमी असतं, बाहेरून दिलं की मज्जातंतू सावरतात. मग १,०१९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००० साली निकाल आला: औषध आणि नुसती सुई यांत ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक दिसला नाही. माणसाला जो डोस सोसवतो तो फार छोटा, कारण सुईची जागाच ठणकते.