टोमॅटोचं बी घरचंच

हदगावच्या परसात टोमॅटोचं बी ऑगस्ट-सप्टेंबरात टाकावं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. संकरित फळाचं बी मात्र राखू नका. पुढच्या पिढीत तेच फळ येईल याचा भरवसा नाही. गावरान किंवा ‘पुसा रुबी’सारखं सरळ वाण बहुतांशी स्वपरागी, म्हणून गुण टिकतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती अशीच देशी वाणं जपल्याबद्दल.

निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ निवडा. गरासकट बी दोन-तीन दिवस आंबवा. वास सुटेल, सुटू द्या. बियांवरचा बुळबुळीतपणा त्यानंच जातो. धुऊन ताटलीत, सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं.