इंदूरची अनंत चतुर्दशी आणि पाहुण्याचा धर्म

व्यापाराच्या निमित्ताने आपल्या समाजाची कुटुंबे बेळगाव, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा दूरदूरच्या पेठांत स्थिरावली. सोयरीक मात्र सर्वत्र पसरली. त्यामुळे एका नगरीचा उत्सव हा पाच नगरींच्या पाहुण्यांचा उत्सव होतो. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु पाहुणा परतल्यावर त्या नगरीच्या पदरी काय उरते, याचा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाही. इंदूरच्या अनंत चतुर्दशीचे निमित्त करून तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या रात्री इंदुरात निघणारी झांक्यांची मिरवणूक सुमारे शंभर वर्षांची आहे. गिरण्यांच्या गणेशोत्सवातून ती वाढली आणि तिच्या आरंभाशी सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) या आपल्याच समाजातील थोर उद्योगपतीचे नाव जोडलेले आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण अशा गिरण्यांचे कामगार दिव्यांनी उजळलेले हलते देखावे रचीत. त्यांच्यासमवेत आखाड्यांचे मल्ल लाठी-तलवारीचे खेळ करीत चालत. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना आपल्या थकलेल्या रकमांसाठी डिसेंबर २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. तरीही झांकी थांबली नाही. ज्यांचा पगार थांबला, त्यांनीच वर्गणी गोळा करून ती चालू ठेविली. म्हणून ही मिरवणूक पाहावयास जाणाऱ्याने ती फुकटचा तमाशा समजू नये.

त्याच दिवशी आपल्या दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची सांगता असते. एकाच तिथीस एकीकडे उपवास व प्रतिक्रमण, दुसरीकडे रात्रभराचा लोकोत्सव, असा हा योग आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडव्रत सांगितले आहे. निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहणे, हा त्याचा अर्थ. आणि त्यातील प्रमादचर्या म्हणजे गरजेवाचून पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, झाडपाला तोडणे. हल्ली प्रवासाने निसर्गावर भार पडू नये असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तो आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे. घराबाहेर पडताना मात्र आपण तो उंबरठ्याच्या आत ठेवून निघतो.

प्रथम प्रवासाविषयी. एका कुटुंबाने एक मोटार घेऊन निघणे प्रतिष्ठेचे वाटते. परंतु त्या रात्री मिरवणुकीच्या मार्गावर मोटारीचा उपयोग नाही, उलट ती उभी कोठे करावी हीच विवंचना. आगगाडी उत्तम. बडोद्याहून गोध्रा, रतलाम, उज्जैन या मार्गाने, तसेच ग्वाल्हेर, पुणे व मुंबईहून थेट गाड्या आहेत. बेळगावकरांनी पुण्यास व हैदराबादकरांनी भोपाळास गाडी बदलावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. तेव्हा श्रावण लागण्यापूर्वीच तिकिटांची तजवीज करावी. उतरल्यावर शहर-बस किंवा रिक्षा पुरे. जुन्या पेठेत तर पायी हिंडण्यासारखे वाहन नाही.

सामान बेताचे असावे. मालापेक्षा बारदान जड झाले तर सौदा तोट्याचा, हे आम्हा धान्यवाल्यांस कोणी शिकवावयास नको. तांब्या, ताटली, पेला, पाण्याचे गाळणे व कापडी पिशवी एवढे प्रत्येकाने घरूनच न्यावे. प्लास्टिकच्या एकवार वापराच्या ताटल्या, पेले, चमचे यांस १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ती नसती तरी आपण ते वापरणे शोभले नसते. मालव्यात भाद्रपदात पाऊस असतो, म्हणून छत्री विसरू नये.

पाण्याविषयी विशेष सांगणे आहे. इंदूरचे बरेचसे पाणी नर्मदेचे. ते जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर दूर, घाट चढवून, पंपांनी आणावे लागते. १९७८ पासून हा खटाटोप चालू आहे. धर्मशाळेत नळ वाहता सोडणाऱ्याने हे ध्यानी धरावे. पिण्याचे पाणी गाळून व उकळूनच घ्यावे. त्यात व्रतही राहते आणि प्रकृतीही.

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा अग्रस्थानी राहिले, त्याचे मर्म कचरा घरातच निरनिराळा करण्यात आहे. तेथील ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा, रोज साडेपाचशे टन क्षमतेचा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. धान्यात खडे मिसळले की चाळणी दुप्पट लागते, तसेच कचऱ्याचे आहे. पाहुण्याने यजमानाची शिस्त मोडू नये. साल, पत्रावळ, कागद ज्याच्या त्याच्या पेटीत टाकावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून मगच मिरवणुकीस निघावे. दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाद्यपदार्थांचा असा जो सराफा प्रसिद्ध आहे, त्याच्या मोहात व्रतस्थ नातलगांस ओढू नये. उपवास केलेल्या वृद्धांस मध्यरात्रीच्या गर्दीत उभे करणे ही हौस नव्हे, निष्ठुरता आहे. त्यांस सकाळी इतवारिया बाजारातील काचमंदिराचे दर्शन घडवावे आणि रात्री विश्रांती घेऊ द्यावी. मुलांच्या खिशात उतरण्याच्या जागेचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. देखाव्यांस हात लावू नये; त्यांत विजेच्या तारा खेळविलेल्या असतात.

शेवटची गोष्ट दानाची. महानगरपालिकेचे व इतर संस्थांचे साहाय्य झांक्यांस मिळते. परंतु त्यावरच सर्व भागत नाही. ज्या गिरण्यांच्या कापडावर आपल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या कामगारांची ही कला आहे. सभासदांनी प्रवासखर्चाच्या अंदाजपत्रकात तिकीट व भोजन यांच्या जोडीस तिच्या वर्गणीचीही एक रक्कम लिहावी, ती गणेशोत्सव समितीस समक्ष द्यावी आणि पावती घ्यावी. पर्वानंतर क्षमावणी येते. त्या दिवशी ज्या नगरीने आपल्यास ठेवून घेतले, तिचीही क्षमा मागावयाची असते. ती मागताना आपल्या बाजूस शक्य तितके कमी देणे निघावे, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस सविनय विनंती आहे.