काजवे, गाव आणि आपली सहल



काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला मंडळीच्या तरुणसंघाला घेऊन मी भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेले होते. रतनवाडीच्या रस्त्यावर आमच्या दोन गाड्यांचे दिवे झाडांवर पडत होते. एका घराच्या पडवीतून आजी उठून आल्या आणि चालकाला म्हणाल्या, "दादा, दिवं बंद कर. त्यान्ला बी एकमेकाला दिसाया पायजे." आम्ही दिवे बंद केले. पण आमच्या मागची गाड्यांची रांग तशीच झगमगत राहिली.

आजींचे म्हणणे अगदी खरे होते. काजव्याचा नर उडत उडत लुकलुकतो आणि मादी बहुधा गवतावर किंवा झुडपावर बसून उत्तर देते. प्रखर उजेडात ही खूण हरवते. वाट सोडून गवतात शिरलो तर त्या माद्या पायाखाली येतात. काजवा बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत, गोगलगाई खाऊन काढतो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, आणि आपण जातो ते नेमके तेव्हाच.

मग पर्यटन बंदच करावे का? तसे मला वाटत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई ही त्यांची पावसावरची पिके. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, तेव्हा तंबू, पिठलं-भाकरी आणि वाटाड्याचे काम यांतून बियाण्याची सोय होते. काजवे संपले तर हा आधारही जाईल.

म्हणूनच नियोजन हवे, आणि तेही एकेका गावाचे नव्हे, सगळ्या परिसराचे. समजा, रतनवाडीने रात्री ठराविक गाड्यांनाच प्रवेश दिला, तर उरलेल्या गाड्या घाटघरला किंवा साम्रदला वळतील. नियम पाळणाऱ्या गावाचे उत्पन्न घटेल आणि जंगलाचे नुकसान फक्त जागा बदलेल. पाण्याचेही असेच आहे. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस इथे पडतो, पण मे महिन्यात बायकांना हंड्याभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. प्रत्येक नवा तंबू त्याच झऱ्यावर भार टाकतो.

अशा नियोजनात चार गोष्टी याव्यात असे मला वाटते. एका रात्री पूर्ण परिसरात किती गाड्या याव्यात हे सर्व गावांनी आणि वनविभागाने मिळून ठरवावे. गाड्या गावाबाहेर थांबवून पुढे स्थानिक वाटाड्याबरोबर पायी जावे. प्रवेशशुल्कातला वाटा गावसमितीकडे यावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. आणि सगळी भिस्त काजव्यांवर न ठेवता हिवाळ्यातला रतनगड, कळसूबाई आणि सांदण दरी यांसाठीही गावकऱ्यांची तयारी करून घ्यावी, म्हणजे गर्दी व कमाई दोन्ही वर्षभर विभागली जाईल.

यासाठी कायद्याचा आधार आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी अधिकार देतो. २००६ चा वनहक्क कायदा जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार ग्रामसभेला देतो. अडचण आहे ती बैठकीची. आराखड्याची चर्चा तालुक्याच्या गावी, कामाच्या दिवशी झाली, तर पडवीतल्या त्या आजी तिथे पोहोचत नाहीत. चर्चा वाडीवर आणि संध्याकाळी व्हावी, एवढा आग्रह आपल्यासारखे कार्यकर्ते नक्की धरू शकतात.

आणि आपण पाहुणे म्हणून गेलो तर? शनिवार-रविवार टाळावा. मुक्काम आणि जेवण गावकऱ्यांकडेच घ्यावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, कचरा परत आणावा. विजेरीवर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी, काजवे बाटलीत भरू नयेत. गाडीचे दिवे मात्र कोणी सांगण्याआधीच बंद करावेत. आम्हाला ते एका आजींनी सांगावे लागले होते.