लेकीला लॅबचा कोर्स लावताय? फी भरायच्या आधी हे वाचा

ताईंनो, "पोरीला लॅबचा कोर्स लावायचाय, गटातून कर्ज मिळेल का?" असं हल्ली बैठकीत विचारलं जातं. कर्जाचं बघता येईल. पण पैसा कोणत्या कोर्सला जातोय, ते आधी बघूया.

लॅबचं काम म्हणजे नुसती सुई टोचणं नव्हे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. नाही केली तर गुठळी होते, जोरात हलवली तर पेशी फुटतात, आणि दोन्हीकडून रिपोर्ट चुकतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलं तर उपचार लागतात, आणि तो आकडा हीच मुलगी काढणार असते.

सिकलसेलचं तर आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात; द्रावण गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की संशय. मग इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, ते कळतं. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 1 जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरली आहे. वारली किंवा कातकरी घरातल्या बाईला हे तिच्या बोलीत समजावणारी मुलगी लॅबमध्ये असली, तर किती फरक पडेल!

आता रस्ता. पदवी करायची तर अकरावीला सायन्स आणि त्यात जीवशास्त्र हवंच. दहावीचा निकाल लागला की मैत्रीण जाते म्हणून आर्ट्सचा फॉर्म भरू नका. बारावीनंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.पी.एम.टी. ही पदवी आहे, किंवा डी.एम.एल.टी. हा डिप्लोमा. मुंबईला प्रवेश मिळाला तर वाणगावहून रोजची ये-जा झेपणार नाही, होस्टेलचा खर्च धरूनच हिशोब मांडा.

"सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन" अशी जाहिरात दिसली तर सावध. 2021 च्या केंद्रीय कायद्यात डिप्लोमाला किमान 2000 तासांचं शिक्षण सांगितलं आहे, तेही दोन ते चार वर्षांत. संस्थेत जाऊन सरळ विचारा: परीक्षा कोण घेतं? सर्टिफिकेटवर कुणाची सही? महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का? प्रॅक्टिकल कोणत्या दवाखान्यात? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर उठून या, पावती फाडू नका.

अजून एक. "शिकून स्वतःची लॅब टाकेल" असं बऱ्याच आया म्हणतात. पण रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या डॉक्टरचीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा आधी दवाखान्यातली नोकरी डोळ्यापुढे ठेवा.

फीसाठी आधी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. आदिवासी मुलीला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर 'स्वयं' योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात, त्याची चौकशी डहाणूच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात करा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्याच्या आत काढून ठेवा, निकालानंतर सेतूत रांग लागते. उरलेल्या रकमेचाच कर्जमागणी अर्ज करा, आणि संस्थेचा लेखी कागद त्याला जोडा.