सजगता मोजायची कशी?

हजेरी घेताना ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलाचे मन वर्गात असतेच असे नाही, हे आपण शिक्षक चांगले जाणतो. शरीराची हजेरी पटावर मांडता येते. मनाची कशी मांडायची? मानसशास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधताना मोजमापाविषयीच काही धडे मिळाले.

या क्षणी जे अनुभवाला येत आहे – श्वास, आवाज, एखादा विचार, राग – त्याकडे जाणीवपूर्वक आणि बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे म्हणजे सजगता. या कल्पनेचे मूळ बौद्ध परंपरेतील ‘सति’मध्ये आहे. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. अशा वर्गांनी रुग्णाला बरे वाटले, तर ते सजगता वाढल्यामुळे, की कोणी आपुलकीने विचारपूस केल्यामुळे? हे ठरवायचे तर आधी सजगता वेगळी मोजता आली पाहिजे.

विचारून पाहणे

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माणसालाच विचारणे. २००३ साली ब्राऊन आणि रायन या संशोधकांनी १५ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गंमत अशी, की तिच्यातील सर्व विधाने बेसावधपणाची आहेत. ‘समोरचा बोलत असतो, पण शब्द डोक्यात शिरत नाहीत’ अशा धर्तीची. ‘जवळजवळ नेहमी’ या उत्तराला १ गुण, ‘जवळजवळ कधीच नाही’ याला ६. सरासरी जितकी जास्त, तितकी सजगता जास्त.

पण सजगता हे एकच कौशल्य आहे, की अनेकांचा समुच्चय? २००६ साली रूथ बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्यांतील मिळून ११२ विधाने ६१३ विद्यार्थ्यांना दिली. ज्या विधानांची उत्तरे एकत्र वर-खाली होतात, त्यांच्यामागे एकच कौशल्य असावे, असे हे गणित आहे. बीजगणितातले आणि भूमितीतले गुण बहुधा बरोबरीने वाढतात, यावरून आपणही असाच अंदाज बांधतो. यातून पाच पैलू मिळाले: निरीक्षण, अनुभवाचे शब्दांत वर्णन, भान ठेवून कृती, मनातल्या गोष्टींना बरे-वाईट न ठरवणे आणि त्यांच्याबरोबर वाहवत न जाणे. त्यांतून ३९ विधानांची प्रश्नावली तयार झाली.

फूटपट्टीची परीक्षा

येथे एक कोडे निघाले. ध्यानाचा सराव नसलेल्यांत ‘निरीक्षण’ हा पैलू बाकीच्या चारांशी नीट जुळेना. सराव असलेल्यांत मात्र जुळला. याचा अर्थ काय असावा? छातीतली धडधड काळजीपोटी टिपणारा आणि ती शांतपणे टिपणारा, दोघेही ‘मला जाणवते’ असेच उत्तर देतात. विधान एकच, पण वाचणाऱ्यागणिक त्याचा अर्थ बदलतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ज्याचे लक्ष सारखे भरकटते, त्याला ते भरकटल्याचे कळते का? उलट, सराव वाढला की पूर्वी न दिसलेला बेसावधपणा दिसू लागतो आणि माणूस स्वतःला कमी गुण देऊ शकतो.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका गटाला सजगतेचे प्रशिक्षण दिले आणि दुसऱ्याला व्यायाम, संगीत, आहार यांवर आधारित, ध्यानाविना आरोग्यवर्ग. बेअर यांच्या प्रश्नावलीवर सजगता-गटाची वाढ दुसऱ्या गटापेक्षा जास्त दिसली नाही. मग प्रश्नावली नेमके काय मोजत होती, सजगता की एकूणच बरे वाटणे?

करून पाहणे

म्हणून काही संशोधकांनी विचारण्याऐवजी काम दिले. २०१४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी श्वास मोजण्याची चाचणी मांडली. १ ते ८ श्वासांना एक बटण, नवव्याला दुसरे, मग पुन्हा एकपासून. श्वासाची नोंद यंत्र ठेवते. मन भटकले की मोजणी चुकते आणि चूक लपत नाही. दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांची मोजणी इतरांहून अधिक अचूक निघाली. अर्थात या चाचणीलाही मर्यादा आहे. ती लक्ष मोजते. ‘बरे-वाईट न ठरवणे’ तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. मुलांच्या जोड्या करा. एकाने पोटावर हात ठेवून, डोळे मिटून नेहमीसारखा श्वास घ्यावा. आठ श्वासांपर्यंत उजव्या हाताचे बोट हलवावे, नवव्याला डाव्या हाताचे. जोडीदाराने पोटाची हालचाल पाहून कागदावर रेघा ओढाव्यात. पाच मिनिटांनी दोघांची मोजणी ताडून पाहावी. प्रयोगाआधी प्रत्येकाने ‘माझे लक्ष किती टिकेल’ याचा अंदाज दहापैकी गुणांत लिहून ठेवावा. अंदाज आणि मोजणी यांतील अंतरच चर्चेला भरपूर विषय देईल.

मात्र या आकड्यांवरून मुलांचे क्रमांक लावू नयेत, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्या फूटपट्टीच्या खुणांविषयी अभ्यासकांतच वाद आहेत, तिने मुलाचे मन मापून प्रगतिपुस्तकावर शेरा मारणे अन्यायाचे ठरेल. आकडा मिळाला म्हणजे मोजमाप झाले असे नव्हे; तो कशाचा आकडा आहे, हे विचारण्यापासून विज्ञान सुरू होते.